डीएनएची रोजची दुरुस्ती

डीएनएविषयी बोलताना आपण नकळत विधिलिखिताची भाषा वापरतो. सटवीने कपाळावर लिहिलेले पुसता येत नाही ही जुनी श्रद्धा; तिची जागा आता 'जनुकांतच आहे' या वाक्याने घेतली आहे. दोन्हींच्या मुळाशी गृहीत एकच, की एकदा लिहिले गेले म्हणजे ते आपोआप टिकते. विज्ञानही बराच काळ याच गृहीतावर चालले. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली. किरणांमुळे झालेली इजा पेशी भरून काढतात हे साठच्या दशकापर्यंत कळले होते; पण किरणे किंवा विषारी रसायने वाट्याला आली नाहीत तर हा रेणू सुखरूपच राहतो, असा सर्वसाधारण समज होता. दुरुस्ती करणाऱ्या विकरांचा विचार रचना मांडताना आपल्या मनात आलाच नव्हता, अशी कबुली खुद्द क्रिक यांनी १९७४ मध्ये दिली. डीएनए हा मुळात कच्चा रेणू आहे, त्याचा टिकाऊपणा म्हणजे पेशीने क्षणोक्षणी केलेले काम आहे, आणि हे काम नेमके कुठे अडते ते पाहिल्याशिवाय कर्करोग किंवा वार्धक्य यांविषयी नीट बोलता येत नाही, असे मला म्हणायचे आहे.

हा कच्चेपणा मोजून दाखवला तो स्वीडनच्या टोमास लिंडाल यांनी. प्रिन्स्टनमध्ये आरएनएवर काम करताना तो रेणू तापवला की किती पटकन मोडतो हे त्यांनी पाहिले होते. मग डीएनएचे काय, हा प्रश्न घेऊन त्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉकहोममध्ये प्रयोग केले. ना क्ष-किरण, ना विष. नुसते पाणी, ऊब आणि वेळ. तेवढ्यानेही डीएनए झिजत होता. त्यांच्या हिशेबानुसार माणसाच्या एकेका पेशीत रोज सुमारे १०,००० ठिकाणी अ‍ॅडेनिन किंवा ग्वानिन हे बेस कण्यापासून सुटून गळून पडतात. शिवाय रोज शंभराच्या वर सायटोसिन पाण्याशी अभिक्रिया होऊन युरॅसिल बनतात. श्वासातून आत घेतलेला ऑक्सिजन ग्वानिनला बिघडवतो, तो हिशेब वेगळाच. या वेगाने झीज होत राहिली असती तर कोणतीही आनुवंशिक माहिती पिढ्यान् पिढ्या टिकलीच नसती. म्हणजे ती भरून काढणारे कोणीतरी असलेच पाहिजे, असे लिंडाल यांनी ताडले आणि १९७४ मध्ये डीएनएमधला युरॅसिल काढून टाकणारे विकर जिवाणूंत शोधून काढले. हे विकर माणसातही आहे; त्याला यूएनजी म्हणतात.

यूएनजीचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. सायटोसिनची जोडी ग्वानिनशी जमते, युरॅसिलची मात्र अ‍ॅडेनिनशी. त्यामुळे युरॅसिल तसाच राहिला तर पुढच्या नकलेत चुकीचा बेस बसतो. यूएनजी डीएनएच्या धाग्यावरून सरकत जाते आणि संशयित बेस सर्पिलातून बाहेर वळवून स्वतःच्या एका अरुंद खाचेत घेते. त्या खाचेत युरॅसिल बरोबर मावतो. थायमिन त्याच्यासारखाच दिसतो, पण त्याच्या अंगावर एक मिथिल गट जास्त असतो आणि त्या गटाला खाचेत जागा नसते. आरएनएचे काम युरॅसिलवर चालत असताना डीएनएने अधिक खर्चिक थायमिन का पत्करला, याचे उत्तर इथे मिळते. युरॅसिल हा डीएनएचा अधिकृत बेस असता, तर मूळचा कोणता आणि सायटोसिन बिघडून झालेला कोणता हे कोणत्याही विकराला ओळखता आले नसते. दुरुस्तीची सोय अशी डीएनएच्या मुळाक्षरांतच रुजलेली आहे. संपूर्ण जीवशास्त्रात याहून देखणा पुरावा मला तरी माहीत नाही. यूएनजीने बेस काढला की एपीई१ हे विकर कणा कापते, पॉलिमरेज बीटा रिकाम्या जागी योग्य घटक बसवते आणि लायगेज सांधा जोडते. ही सगळी मालिका लिंडाल यांच्या गटाने १९९६ मध्ये मानवी विकरे वापरून परीक्षानळीत घडवून दाखवली. दुरुस्तीच्या इतर दोन वाटा उलगडणारे पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार यांच्यासह लिंडाल यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण चर्चेत तो सर्रास पुसला जातो. इजा वेगळी आणि उत्परिवर्तन वेगळे. इजा म्हणजे रासायनिक विद्रूपता: भलत्या जागी आलेला युरॅसिल, तुटलेला धागा, अतिनील किरणांनी एकमेकांना चिकटलेले दोन थायमिन. ती विकरांना ओळखू येते. पण ती दुरुस्त होण्याआधीच डीएनएची नक्कल झाली, की नव्या रेणूत चुकीची असली तरी अगदी सुदृढ जोडी तयार होते. मग कोणत्याही विकराला तिथे वावगे काही दिसत नाही. पेशीची सगळी धावपळ या मुदतीच्या आत काम उरकण्यासाठी आहे.

हा भेद खरा आहे याची साक्ष दोन दुर्मीळ आजार देतात. झीरोडर्मा पिगमेंटोसम हा आजार व्हिएन्नाच्या मोरिझ कापोसी यांनी १८७४ मध्ये नोंदवला. या मुलांच्या त्वचेला ऊन सोसत नाही आणि लहानपणीच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. त्यांच्या पेशींना अतिनील किरणांची इजा भरून काढता येत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवले. निरोगी माणसात विकरांचा एक गट अशा इजेच्या दोन्ही बाजूंना काप घेऊन सुमारे तीस घटकांचा तुकडाच काढून टाकतो. या गटाला इजेची वर्दी दोन वाटांनी मिळते. एक वाट सगळ्या डीएनएवर नजर ठेवते. दुसरी फक्त वापरात असलेल्या जनुकांची असते; जनुक वाचणारे विकर इजेपाशी अडून बसले की ती जागी होते. एक्सपीसी जनुक बिघडले की पहिली वाट बंद पडते आणि कर्करोग होतात. दुसरी वाट बंद पडली तर कॉकेन सिंड्रोम होतो. त्यात मुलाची वाढ खुंटते, दृष्टी आणि श्रवण जाते, मज्जासंस्था झिजते, लहान वयात म्हातारपणाच्या खुणा दिसतात. पण कर्करोगाचे प्रमाण वाढत नाही. इजा त्याच जातीची, कापणारी विकरेही तीच. न काढलेली इजा नकलेत उतरली तर उत्परिवर्तन होऊन गाठ, आणि जनुकाचे वाचन अडवून बसली तर पेशीची उपासमार.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. २०१५ मध्ये क्रिस्तियन तोमासेट्टी आणि बर्ट फोगेलस्टाइन यांनी दाखवले, की ज्या अवयवाच्या मूळ पेशी जास्त वेळा विभागतात तिथे कर्करोगाचे प्रमाणही जास्त असते. नकला काढताना होणाऱ्या चुका म्हणजे निव्वळ योगायोग. मग दुरुस्तीला एवढे महत्त्व कशाला? माझ्या मते या युक्तिवादात शिल्लक पाहिली जाते, जमाखर्च पाहिला जात नाही. मॉड्रिच यांनी उलगडलेली विकरे नकलेतल्या विजोड जोड्या शोधून नव्या धाग्यातला चुकीचा तुकडा काढतात, तेव्हा कुठे चुकांचे प्रमाण अब्जात एकाच्या आसपास येते. लिंच सिंड्रोम असलेल्या कुटुंबांत याच विकरांचे एक जनुक जन्मतः सदोष असते. आतड्याच्या एखाद्या पेशीत उरलेली चांगली प्रतही गेली, की तिथे उत्परिवर्तनाचा वेग शंभरपटीने किंवा त्याहूनही वाढतो आणि पन्नाशीच्या आत कर्करोग होऊ शकतो. ज्याला आपण योगायोग म्हणतो तो दुरुस्तीनंतर उरलेला आहे.

वार्धक्याबाबत मात्र मी हात राखून बोलेन. २०२२ मध्ये सोळा सस्तन प्राण्यांच्या आतड्यांतील पेशी तपासल्या गेल्या, तेव्हा उंदराच्या पेशीत वर्षाला सुमारे ८०० तर माणसाच्या पेशीत सुमारे ४७ उत्परिवर्तने साठताना दिसली. आयुष्य जितके लांब, तितका वेग कमी. हे मोहक आहे, पण हा सहसंबंध आहे, कारण नव्हे. त्याआधी वर्षभर एक वेगळा अभ्यास आला होता. डीएनएची नक्कल काढणारे पॉलिमरेज जन्मतः सदोष असलेल्या माणसांच्या पेशींत उत्परिवर्तने कितीतरी जास्त आढळली, कर्करोगाचा धोकाही वाढलेला होता. पण ही माणसे अकाली म्हातारी झालेली नव्हती. कॉकेनच्या शेजारी हे ठेवले, तर वार्धक्याचा दोष उत्परिवर्तनापेक्षा न काढलेल्या इजेवर टाकणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

आणखी एक शंका घेतली जाते: दुरुस्ती इतकी मोलाची, तर ती निर्दोष का नाही? उत्क्रांतीला बदल लागतो हे उत्तर परिचित आहे. पण आपल्या स्वतःच्या शरीरालाही चूक लागते. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी एड नावाच्या विकराकरवी ठराविक जनुकांतील सायटोसिनचा मुद्दाम युरॅसिल करतात. यूएनजी तिथे धावून येते, पण त्या जागी दुरुस्ती ढिसाळ होऊ दिली जाते, आणि त्या गोंधळातून जंतूला अधिक घट्ट पकडणारी प्रतिपिंडे निवडली जातात. जन्मतः यूएनजी नसलेल्या माणसांची प्रतिकारशक्ती कमकुवत असते.

या सगळ्याचा उपचारात उपयोग झाला तो बीआरसीएच्या निमित्ताने. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या आनुवंशिक कर्करोगाशी जोडलेले एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ यांची प्रथिने दोन्ही धागे एकदम तुटल्यावर शेजारच्या अखंड प्रतीवरून अचूक जोडणी करायला मदत करतात. एकाच धाग्यातला तुटलेला सांधा ओळखणारे विकर वेगळे, पीएआरपी१. त्याला औषधाने जखडले की ते डीएनएवरच अडकून पडते, आणि नक्कल करणारी यंत्रणा तिथे आली की दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशीत बीआरसीएची एक तरी चांगली प्रत असते, त्यामुळे ती सावरते. गाठीच्या पेशीत तीही उरलेली नसते, म्हणून ती मरते. २००५ मध्ये ब्रिटनमधील दोन गटांनी हे प्रयोगशाळेत दाखवले आणि २०१४ च्या अखेरीस अंडाशयाच्या कर्करोगासाठी ओलापॅरिब या अशाच औषधाला मान्यता मिळाली. गाठीही स्वस्थ बसत नाहीत. काहींत नवे उत्परिवर्तन होऊन बिघडलेले बीआरसीए पुन्हा चालू होते, पेशीला दुरुस्ती परत जमू लागते आणि औषध निष्फळ ठरते.

म्हणूनच अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णाची बीआरसीए तपासणी ही केवळ नातेवाइकांचा धोका जाणण्यासाठी नसते. औषध कोणते द्यायचे हेही तिच्यावर ठरते. आपल्याकडे घराण्यातला आजार विचारताना बहुतेकदा आई, मावशी आणि आईची आई एवढ्यांचीच चौकशी होते. सदोष प्रत वडिलांकडूनही तितक्याच शक्यतेने येते. आत्याला आणि वडिलांच्या आईला काय झाले होते, हेही त्याच वेळी विचारायला हवे.