द्विदृष्टी : एक लक्षण आणि त्याची भाषा

मराठीत ‘लक्षण’ हा शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी योजिला जातो. वैद्याला जे दिसते ते लक्षण, आणि रोग्याला जे जाणवते तेही लक्षणच. अवटुग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या, विकारात नेत्रगोल पुढे येतात ते कोणालाही दिसते. परंतु एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसणे, म्हणजेच द्विदृष्टी, ही रोग्याने सांगितल्यावाचून सहसा कळत नाही. तिच्या निदानाचा आरंभ रोग्याच्या शब्दांपासून होतो.

हे शब्द मात्र पुष्कळदा संदिग्ध असतात. ‘अंधुक दिसते’ असे म्हणणाऱ्याला वस्तुतः दोन प्रतिमा दिसत असतात, आणि केवळ चष्मा बदलण्यात काळ जातो. अशा वेळी एक डोळा झाकून पाहावे. कोणताही एक डोळा झाकताच दुसरी प्रतिमा नाहीशी झाली, तर दोष दोन्ही डोळ्यांच्या मेळात आहे. एकाच डोळ्याने पाहतानाही ती कायम राहिली, तर मोतीबिंदूसारखे कारण त्या डोळ्यातच शोधावे लागते.

हा मेळ का बिघडतो? ग्रेव्ह्ज यांनी 1835 मध्ये आणि बाझेडो यांनी 1840 मध्ये वर्णिलेल्या या विकारात शरीराची प्रतिपिंडे अवटुग्रंथीच्या पेशींवरील ज्या ग्राहीवर कार्य करतात, तोच ग्राही नेत्रकोटरातील ऊतींतही असतो. त्यामुळे तेथे दाह होऊन नेत्रगोल फिरविणारे स्नायू सुजतात व पुढे ताठर होतात. बहुधा खालचा सरळ स्नायू प्रथम ग्रासला जातो. तो दुबळा होत नाही. आखडतो, आणि डोळ्याला वर जाऊ देत नाही. म्हणून वर पाहताना एका प्रतिमेवर दुसरी दिसते.

द्विदृष्टीच्या प्रचलित श्रेणीही रोग्याच्या उत्तरांवरच उभ्या आहेत : मुळीच नाही; थकल्यावर किंवा झोपेतून उठल्यावर; कडेला पाहताना; आणि समोर पाहताना वा वाचतानाही सतत. दिवस सरता सरता ती वाढत असेल, तर स्नायूंना लवकर थकविणाऱ्या मायस्थेनियाचाही विचार करावा लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन्ही डोळे सारखेच आखडले, तर द्विदृष्टी नसूनही रोग असू शकतो. रक्तातील अवटुस्राव प्रमाणात असल्यानेही तो नाही असे ठरत नाही. रंग फिके दिसू लागले किंवा दृष्टी मंदावली, तर दृक्‌चेतेवर दाब पडत असण्याचा संभव असतो, आणि तेथे विलंब घातक ठरतो.

धूम्रपानाने हा विकार बळावतो, म्हणून ते सोडणे हा उपचाराचाच भाग होय. दाह तीव्र असता स्टिरॉइड देतात. दोन प्रतिमा जुळविण्यासाठी चष्म्यात लोलक बसवितात. स्नायूंवरील शस्त्रक्रिया सामान्यतः डोळ्यांची स्थिती सुमारे 6 महिने स्थिर राहिल्यावरच करण्यात येते.

‘दोन दिसते’ एवढ्यावर म्हणूनच थांबता येत नाही. केव्हा, कोणीकडे पाहताना, आणि एक डोळा झाकल्यावर काय होते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनीच त्या वाक्याचा अर्थ पूर्ण होतो.