पिंटरच्या घरात खुर्ची कुणाची?

घरातली सत्तेची ओढाताण रंगमंचावर बघायची तर हॅरॉल्ड पिंटरचं ‘द होमकमिंग’ गाठाच. १९६५ साली लंडनच्या ऑल्डविच थिएटरमध्ये पीटर हॉलने ते बसवलं. उत्तर लंडनमधलं, बाईमाणूस नसलेलं घर: म्हातारा मॅक्स, एकेकाळचा खाटीक, त्याचा ड्रायव्हर भाऊ सॅम, मुलं लेनी आणि जोई. थोरला टेडी, अमेरिकेत तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, बायकोला, रूथला, घेऊन येतो आणि घराचं गणितच फिरतं.

खरी झटापट होते ती फुटकळ वस्तूंवरून. लेनी रूथचा पाण्याचा ग्लास काढून घ्यायला बघतो; ती त्याच ग्लासवरून त्याला असं खेळवते की गडी गार! पुढे टेडी लेनीचा चीज घातलेला पाव मुद्दाम खाऊन टाकतो. प्राध्यापकमहाशयांचा सूड एवढाच. शेवटी टेडी एकटाच परत निघतो, रूथ मागेच राहते. रूथ खुर्चीत बसलेली, आणि मॅक्स गुडघ्यांवर येऊन गयावया करतो. ती जिंकली की अडकली, यावर वाद आहेत. माझ्या मते जिंकली.

१९६७ साली नाटकाला टोनी पुरस्कार मिळाला. १९७३ साली हॉलनेच सिनेमा केला; रूथ, रंगमंचावर होती तशीच, पुन्हा व्हिवियन मर्चंट, पिंटरची तेव्हाची पत्नी. संहिता वाचणार असाल तर त्यातले ‘पॉज’, म्हणजे संवादांमधले विराम, मात्र गाळू नका.