पाचव्या चालीतली २५८ची तूट

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिलांची फिडे ग्रां प्री झाली आणि कोनेरू हंपीने ती जिंकली. अशा स्पर्धांचे डाव मोबाइलवर पाहणाऱ्यांना कोण वरचढ आहे हे दाखवणारी पटाशेजारची पांढरी-काळी पट्टी ओळखीची आहे. त्यामागच्या स्टॉकफिशसारख्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक आकडा सतत वाढत असतो. तो म्हणजे तपासलेले नोड. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा खरा भरवसा या आकड्यावर असतो.

नोड म्हणजे शोधात गाठलेली पटावरची एक स्थिती. सुरुवातीला पांढऱ्याकडे २० चाली असतात : प्याद्यांच्या १६, घोड्यांच्या ४. काळ्याने उत्तर दिले की ४०० शक्यता. दोघांची प्रत्येक चाल वेगळी मोजली, तर तिसऱ्या चालीला ८,९०२, चौथीला १,९७,२८१, पाचवीला ४८,६५,६०९. या पक्क्या आकड्यांशी आपली मोजणी ताडून पाहण्याला ‘पर्फ्ट’ म्हणतात.

समजा, दोन घरे सरकलेले शेजारचे प्यादे जाता जाता मारण्याचा नियम, म्हणजे ‘आँ पासाँ’, लिहायचाच राहिला. पहिल्या चारही पातळ्यांवर उत्तर बिनचूक येते, कारण पाचव्या चालीआधी हे घडूच शकत नाही. पाचवीला आकडा येतो ४८,६५,३५१. नेमके २५८ कमी! नुसते डाव खेळून ही चूक महिनोन्‌महिने सापडली नसती.

खऱ्या शोधात मात्र सगळ्या फांद्या तपासत नाहीत. दर वेळी ३५ चाली धरल्या, तर चार चालींनंतर १५,००,६२५ स्थिती होतात. चालींचा क्रम उत्तम लागला तर निकाल न बदलणाऱ्या फांद्या छाटणाऱ्या अल्फा-बीटा पद्धतीला त्यातल्या २,४४९ पुरतात. शिवाय नोड कधी मोजायचा, हेही ज्याचे त्याने ठरवलेले. कोणी चाल पटावर केली की मोजतो, कोणी शोधाचे फंक्शन सुरू झाले की. म्हणून ‘सेकंदाला इतके कोटी नोड’ या दाव्यावरून दोन वेगळ्या प्रोग्रॅमची तुलना करणे मला साफ चुकीचे वाटते.

एकाच प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्यांची तुलना मात्र याच आकड्याने करावी. स्टॉकफिशचे प्रोग्रॅमर ठरावीक स्थिती ठरावीक खोलीपर्यंत तपासून एकूण नोड मोजतात. त्याला ‘बेंच’ म्हणतात. फक्त वेग वाढवण्यासाठी केलेल्या बदलानंतर त्यात एकाचाही फरक पडला, तर शोधच बदलला असे समजायचे.

पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, बुद्धिबळाचा प्रकल्प घेतलात तर वेगाच्या मागे लागण्याआधी हे आकडे जुळवा. सुरुवातीच्या स्थितीवर थांबू नका. पहिल्या पाच चालींत कॅसलिंग येतच नाही. त्यासाठी ‘किवीपीट’ ही स्थिती घ्या : पहिल्या चालीला ४८, दुसरीला २,०३९, तिसरीला ९७,८६२.