श्रवणयंत्र लावल्यानंतरचं घर

श्रवणयंत्र आईची हाक मोठी करतं, तशीच मिक्सरची घरघरही. म्हणून कमी ऐकू येणाऱ्या मुलाशी बोलताना आधी टीव्ही बंद करावा, जवळ, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसावं. खिडकीकडे पाठ केली तर बोलणाऱ्याचे ओठ अंधारात जातात. ओरडल्याने शब्द फाटतात. नेहमीच्या आवाजात, पूर्ण वाक्यांत बोलावं.

रोज सकाळी डॅनियल लिंग यांची सहा ध्वनींची चाचणी घ्यावी. ओठ दिसू न देता आ, ई, ऊ, म्, श्, स् म्हणायचं. ऐकू आलं की मुलाने डब्यात ठोकळा टाकायचा. काल ऐकू आलेला ‘स्’ आज आला नाही, तर बॅटरी उतरली असेल, कानातला साचा मळाने बुजला असेल किंवा सर्दीने कान भरला असेल. तसं काही नसेल तर श्रवणतज्ज्ञाकडे जावं. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात काम करते. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावं.

जेवताना सगळे एकदम बोलतात, तेव्हा हे मूल सर्वांत एकटं पडतं. ‘काही नाही, नंतर सांगते’ हे उत्तर त्याला फार लागतं. हसण्याचं कारण त्याला तिथेच, पुन्हा सांगावं. घरात खुणांची भाषा चालत असेल, तर ती आजी-आजोबांनीही शिकावी.