बी. एस्सी.चं सर्टिफिकेट कपाटातून काढा!

बेलपाड्यात राहणाऱ्या बाईला ‘टाटा’ म्हटलं की कुणाचं तरी आजारपण आठवतं. पण खारघरच्या सेक्टर २२ मधलं टाटांचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे रुग्णालय आहे, तसंच कर्करोगाचं मोठं संशोधनकेंद्रही आहे. परळची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट २००२ साली इथे आली. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट या अभिमत विद्यापीठाची पीएच. डी. इथे करता येते. तिथे वरचेवर जागा निघतात, आणि त्या सगळ्याच काही डॉक्टरांसाठी नसतात.

बी. एस्सी. किंवा डी.एम.एल.टी. झालेलीला तंत्रज्ञाचं, एम. एस्सी. झालेलीला संशोधन-सहायकाचं काम मिळू शकतं. कामाचा एक नमुना सांगते. पेशी ३७ अंशांच्या उबेत वाढवायच्या आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं ‘खाणं’ बदलायचं. बुरशीचा एक कण शिरला की सगळं फेकून द्यायचं. लोणच्याच्या बरणीची गत ठाऊक आहेच आपल्याला! पेशींना रविवार कळत नाही, तेव्हा सुट्टीच्या दिवशीही फेरी पडते. घरी हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

औषधांच्या चाचण्यांसाठी समन्वयक लागतात. रुग्णाला संमतिपत्र समजावून सांगायचं, नोंदी ठेवायच्या, पुढच्या तपासणीची आठवण करायची. खेड्यातून आलेल्या आजीबाईंशी साध्या मराठीत बोलता येणं इथे फार उपयोगी पडतं.

आता अवघड भाग. यातल्या पुष्कळ जागा प्रकल्पावरच्या असतात. ठरावीक मुदत, ठरावीक एकत्रित पगार, आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपली. ब्लॉकचा हप्ता अशा पगारावर बेतू नये, असं माझं स्पष्ट मत. पण लग्नानंतर सात-आठ वर्षं घरी गेली असतील तर ही नोकरी जरूर घ्यावी. पुढच्या अर्जाला अनुभवाचा दाखला जोडता येतो. ‘नेट’ परीक्षेतून फेलोशिप मिळवून पीएच. डी. करणाऱ्यांना २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. अर्थात त्यासाठी अभ्यासाला बसावं लागतं, आणि वयाची अटही बघावी लागते.

कित्येकदा थेट मुलाखतीलाच बोलावतात. मूळ प्रमाणपत्रं, झेरॉक्स, फोटो घ्याच. शिवाय विवाह-नोंदणीचा दाखलाही. मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारकार्डावर सासरचं, आणि खिडकीपाशी ऐन वेळी धांदल! मधल्या वर्षांबद्दल विचारलं तर ‘मुलं लहान होती’ असं सरळ सांगावं, त्यात ओशाळण्यासारखं काय आहे?

कमल रणदिवे यांचंच बघा. १९३९ साली लग्न होऊन त्या पुण्याहून मुंबईला आल्या. टाटा हॉस्पिटलात काम करता करता १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. ‘अ‍ॅक्ट्रेक’ ज्या संस्थेतून वाढलं, तिथेच त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे वर सांगितलं त्याच कामाची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्यांनी इतर शास्त्रज्ञ मैत्रिणींसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. तिचं कार्यालय आपल्या वाशीलाच आहे, आणि या शास्त्रज्ञ बायकांनी तिथे पाळणाघरही चालवलं आहे. मुलाखतीला जायच्या आधी तिथे एक चक्कर टाकून चौकशी करून या.