विमानमार्गाचे अंतर व प्रवासकाल

दोन विमानतळांमधील भूपृष्ठावरील सर्वांत कमी अंतरास हवाई अंतर म्हणतात. हे अंतर त्या दोन्ही ठिकाणांतून जाणाऱ्या बृहद्‌वृत्ताच्या लहान कंसावर मोजतात. पृथ्वीचे केंद्र हेच ज्याचे केंद्र असते, असे भूपृष्ठावरील वर्तुळ म्हणजे बृहद्‌वृत्त होय. वांद्र्याच्या ईशान्येस असलेल्या मुंबई विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे असे अंतर सु. ७,२०० किमी. (सु. ३,९०० सागरी मैल) आहे. मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेषा जवळची भासते. परंतु त्या मार्गाने गेल्यास सु. २०० किमी. अधिक प्रवास घडतो.

प्रवासकाल केवळ अंतरावरून ठरत नाही. मध्य कटिबंधात अधिक उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतात. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किमी. आणि वाऱ्याचा सरासरी वेग ताशी ७५ किमी. मानल्यास मुंबईहून लंडनला जाण्यास सु. ८ तास ४४ मिनिटे, तर परतण्यास सु. ७ तास २३ मिनिटे लागतील. वारा नसता, तर दोन्ही प्रवास मिळून १६ तास झाले असते. म्हणजे जाताना गमावलेला वेळ येताना पूर्णपणे भरून निघत नाही. उड्डाण, अवतरण व धावपट्टीसाठीची प्रतीक्षा यांचा काळ यांत आणखी मिळवावा लागतो.

राजकीय कारणांनीही मार्ग लांबतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये व पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा पश्चिमेकडील अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला. असा वळसा म्हणजे केवळ विलंब नव्हे. त्यासाठी जादा इंधन न्यावे लागते. गंतव्य विमानतळ, तेथे उतरणे अशक्य झाल्यास पर्यायी विमानतळ आणि त्यानंतरही काही काळ हवेत थांबणे, इतक्या सर्वांस पुरेल एवढे इंधन असणे आवश्यक असते. म्हणून अंतर व वारा यांचा अंदाज हा प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

विमानांचा पल्ला कमी असताना वाटेत थांबणे अपरिहार्य असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस आले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले.

वेळापत्रकातील वेळा स्थानिक असतात. भारतीय प्रमाण वेळ ग्रिनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ लागू असताना हा फरक साडेचार तासांचा होतो. हिवाळ्यात मुंबईहून रात्री २ वाजता निघून नऊ तासांनी पोहोचणारे विमान लंडनच्या घड्याळात पहाटे ५.३० वाजता उतरते. हा फरक न जाणणाऱ्यास प्रवास साडेतीन तासांचा वाटेल. वांद्र्यातील प्रवाशाने मात्र घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता व तेथील तपासण्या यांचा वेळही हिशेबात धरणे इष्ट असते.