धरणात ‘उणे’ टक्के पाणी? म्हणजे नक्की काय?

२०१९ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा साठा ‘उणे’ टक्क्यांत गेला. ऑफिसात एकाने विचारलं, ‘शून्यापेक्षा कमी पाणी कसं असेल रे?’

बातमीतली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. पैठणच्या या धरणाची एकूण क्षमता २९०९ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. त्यातलं तळाचं ७३८ दलघमी पाणी म्हणजे मृतसाठा. पाणी त्या पातळीला आलं की टक्केवारी शून्य, त्याखाली उणे. थोडक्यात, ०% ला फोन बंद पडतो, धरण कोरडं पडत नाही.

शेतीसाठी कालव्यात सोडायला मात्र पाणी उरत नाही. छत्रपती संभाजीनगरला प्यायला मृतसाठ्यातून उपसा करता येतो, पण या ७३८ मध्ये गाळाचीही जागा धरलेली आहे. (हे बातमीत क्वचितच येतं.) त्यामुळे टक्क्यांसोबत दलघमीचा आकडाही बघा, आणि मागच्या वर्षी त्याच तारखेला तो किती होता, तेही.